वर्गणी की भाडे?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ आजही ‘पैसा वसूल’ आहे का, असा प्रश्न साहित्याच्या अध्यापकांनी हाती घ्यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्हाला त्यात वावगे दिसत नाही. ‘मूल्य’ हा शब्द आपण वर्गात रोज उच्चारतो. वाङ्मयीन मूल्य, जीवनमूल्य, मूल्यमापन असे त्याचे नाना अवतार आपण फळ्यावर लिहितो. तोच शब्द वर्गाबाहेर ‘तासाला किती पैसे पडले’ एवढ्या अर्थाने चालू लागला असेल, तर त्याकडे पाठ फिरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय आपले कित्येक विद्यार्थी आपल्या व्याख्यानांपेक्षा अधिक काळ अशा खेळांत घालवतात. तो काळ वाया गेला असे ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु असा निवाडा पुरावा न तपासता देऊ नये, हेही आपणच त्यांना शिकवतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. ब्लिझार्ड एन्टरटेन्मेंट या अमेरिकी कंपनीने तो २३ नोव्हेंबर २००४ रोजी बाजारात आणला. ॲझेरॉथ नावाचे एक कल्पित जग, त्यात दोन वैरी पक्ष, अनेक वंश, नगरे, अरण्ये, गुहा. खेळाडू एक पात्र निर्माण करतो आणि त्या पात्राच्या रूपाने हजारो इतर खेळाडूंच्या सहवासात या जगात वावरतो. तो घरी निजलेला असतानाही ते जग चालूच असते. या वावराचे मासिक शुल्क अमेरिकेत १४.९९ डॉलर ठरले आणि २०२४ मध्ये खेळाला वीस वर्षे पूर्ण झाली तेव्हाही ते तेवढेच होते. दर दोन वर्षांनी नवे प्रदेश आणि नवे कथानक घेऊन एक पुरवणी येते. ती वेगळी विकत घ्यावी लागते. ऑक्टोबर २०१० मध्ये वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेली होती. २०१५ साली ती ५५ लाखांवर उतरली आणि त्यानंतर कंपनीने हा आकडा प्रसिद्ध करणेच थांबवले. ऑक्टोबर २०२३ पासून कंपनीची मालकी मायक्रोसॉफ्टकडे आहे.

खेळाच्या कैवाऱ्यांचा हिशेब असा असतो : रोज दोन तास खेळले तर महिन्याचे साठ तास होतात, पंधरा डॉलरला साठने भागले की तासाला पंचवीस सेंट. इतक्या स्वस्तात सिनेमा नाही, नाटक नाही, धड कॉफीसुद्धा नाही. वर महागाईचा विचार केला तर २००४ मधले पंधरा डॉलर म्हणजे २०२४ मधले सुमारे पंचवीस. म्हणजे शुल्क वाढले नाही एवढेच नव्हे, ते प्रत्यक्षात घटले आहे. जुन्या पुरवण्या आता मासिक शुल्कातच मिळतात, हीही जमेची बाजू. या हिशेबात अंकगणिताची चूक एकही नाही. आमचा आक्षेप त्यातील एककावर आहे.

तास हे मूल्याचे माप होऊ शकत नाही. तसे असते तर सर्वांत जाडजूड कादंबरी ही सर्वांत श्रेष्ठ कादंबरी ठरली असती आणि कविता हा साहित्यप्रकार दिवाळखोरीत निघाला असता. पृष्ठसंख्येने कादंबरी मोजणाऱ्या विद्यार्थ्याला आपण हसतो. मग तासांनी खेळ मोजणाऱ्याला मान का डोलवावी? दुसरे असे की, हे तास खेळाडू खर्च करत असला तरी ते किती व्हावेत हे पुष्कळदा खेळाची रचना ठरवते. २००७ पासून या खेळात ‘रोजच्या कामगिऱ्या’ आल्या : तेच काम, तेच बक्षीस, उद्या पुन्हा. पुढे आठवड्याला एकदाच उघडणारी बक्षिसाची तिजोरी आली. तो आठवडा चुकला की ते बक्षीस गेले. अशा योजनांमुळे खेळाडू परत येतो, तासांची बेरीज वाढते आणि भागाकाराचे उत्तर आणखी स्वस्त दिसू लागते. थोडक्यात, ज्या तासांत माणूस कंटाळत कंटाळत हजेरी लावतो तेही या हिशेबात नफ्याच्या बाजूला मांडले जातात. हजेरीपट भरला म्हणजे विद्या आली, असे समजण्यासारखेच हे आहे. आणि हजेरीपटाचे खरे मोल आम्हा अध्यापकांइतके कोणाला ठाऊक असणार?

दुसरी बाजू आपल्याच व्यवसायबंधूंची. त्यांच्या मते हा सगळा वेळेचा अपव्यय. तेव्हा किंमत पंधरा डॉलर असो की पंधरा पैसे, सौदा तोट्याचाच. या मताला उत्तर म्हणून आम्ही एकच उदाहरण ठेवतो. नॉर्वेतील मॅट्स स्टेन हा तरुण स्नायूंच्या असाध्य विकाराने नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला. तो आयुष्याची शेवटची वर्षे बव्हंशी संगणकासमोर, याच खेळात घालवत होता. आपला मुलगा मैत्रीविना, प्रेमाविना गेला, ही त्याच्या आईवडिलांची खंत होती. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी मृत्यूची वार्ता लिहिली आणि युरोपभरातून पत्रे येऊ लागली. ‘इबेलिन’ या नावाने तो खेळात वावरत असे. ज्यांनी त्याला कधी पाहिले नव्हते अशी माणसे लिहीत होती की, त्याने आमचे ऐकून घेतले, आम्हाला धीर दिला, घरातले तुटलेले संवाद पुन्हा जुळवायला मदत केली. काही जण परदेशांतून त्याच्या अंत्यविधीला आले. बेंजामिन री या दिग्दर्शकाने त्याच्यावर केलेला माहितीपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला आणि ही हकिगत जगभर पोहोचली. हा माहितीपट पाहिल्यावरही ज्याला ‘अपव्यय’ हाच शब्द सुचेल, त्याने सहानुभाव या संकल्पनेवर व्याख्यान देऊ नये, अशी आमची नम्र सूचना आहे.

मात्र या हकिगतीतील एका तपशिलाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही आणि आमच्या प्रतिपादनाचा सगळा भार त्याच तपशिलावर आहे. मॅट्सचे ते दुसरे आयुष्य दिग्दर्शकाला पडद्यावर उभे करता आले, कारण त्याच्या ‘स्टारलाइट’ या गिल्डने, म्हणजे खेळातील सोबत्यांच्या मंडळीने, आपापसातील संभाषणांच्या हजारो पानांच्या नोंदी स्वतःच्या संकेतस्थळावर जपून ठेवल्या होत्या. जे मौल्यवान होते ते खेळाडूंनी निर्माण केले आणि खेळाडूंनीच सांभाळले. कंपनीने जागा दिली होती. मासिक शुल्क जागेचे होते.

हे एका गिल्डपुरते नाही. आरंभीच्या काळात या खेळातील मोठ्या मोहिमांना चाळीस माणसे लागत. चाळीस माणसे ठरल्या रात्री ठरल्या वेळी जमवायची, कोण शत्रूचा मार अंगावर घेणार, कोण जखमा भरणार हे ठरवायचे, हरल्यावर कोणाला न दुखावता चूक दाखवायची आणि जिंकल्यावर हाती आलेल्या दोन-चार वस्तू चाळिसांत न्यायाने वाटायच्या, हे सोपे काम नव्हे. ज्यांनी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची समिती चालवली आहे त्यांना याची कल्पना येईल. वस्तूंच्या वाटपासाठी वापरली जाणारी गुणांची हिशेबपद्धती कंपनीने दिलेली नव्हती. ‘एव्हरक्वेस्ट’ या आधीच्या खेळाच्या खेळाडूंनी ती स्वतः रचली आणि इकडे आणली. गुहेत उतरायला चार सोबती हवे असतील तर गावात उभे राहून हाका माराव्या लागत, मग सगळ्यांनी चालत जायचे. त्या चालण्यात ओळखी होत. लबाडी करणाऱ्याचे नाव सर्व्हरभर पसरे, भल्या माणसाचेही पसरे. डिसेंबर २००९ मध्ये सोबती आपोआप जुळवून देणारी सोय आली. बटण दाबले की निरनिराळ्या सर्व्हरवरचे पाच अनोळखी लोक एकत्र येत, थेट गुहेत पोहोचत, काम उरकत आणि पुन्हा एकमेकांना भेटतीलच असे नसे. वेळ वाचला यात वाद नाही. परंतु या खेळातील उत्तम गोष्टी त्या ‘वाया’ जाणाऱ्या वेळातच घडत होत्या, हे तासांचा हिशेब मांडणाऱ्यांच्या लक्षात कसे येणार?

येथे आम्हाला ‘वर्गणी’ या शब्दाकडे वळावेसे वाटते. मासिक शुल्काला आपण सहज वर्गणी म्हणतो. वर तो शब्द आम्हीही वापरला. पण मराठीत वर्गणी म्हणजे काय? सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी देणारा मनुष्य मंडळाला जमाखर्च विचारू शकतो. ग्रंथालयाचा वर्गणीदार वार्षिक सभेत उभा राहून, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे रद्दीत का काढले, असे खडसावू शकतो. मासिकाच्या वर्गणीदाराने वर्गणी बंद केली तरी त्याच्या घरातले जुने अंक संपादक येऊन उचलून नेत नाहीत. वर्गणी या शब्दात भागीदारी आहे. ब्लिझार्ड जे घेते त्यात यापैकी काहीही नाही. करारानुसार खेळ खेळाडूच्या मालकीचा नाही, खातेही नाही, त्या खात्यातील पात्र आणि त्याची आयुधे तर नाहीतच. खेळाडूकडे आहे तो वापराचा परवाना. याला मराठीत भाडे म्हणतात.

भाडे घेण्यात पाप नाही. प्रश्न घरमालकाच्या वागणुकीचा आहे. डिसेंबर २०१० मध्ये ‘कॅटॅक्लिझम’ ही पुरवणी आली. कथेनुसार डेथविंग नामक महासर्पाने पृथ्वी दुभंगली. प्रत्यक्षात कंपनीने सहा वर्षांचे जुने जगच नव्याने लिहिले. ‘बॅरेन्स’ या ज्या माळरानावर असंख्य खेळाडूंचे बाळपण गेले होते, त्याचे मधोमध भेगाळून दोन प्रदेश झाले. ज्याने ही पुरवणी विकत घेतली नाही, त्याच्याही पायाखालची जुनी जमीन गेली. लेखकाने आपल्या कादंबरीची सुधारित आवृत्ती काढावी, तो त्याचा अधिकारच. पण पहिल्या आवृत्तीच्या साऱ्या प्रती घरोघरच्या कपाटांतून एका रात्रीत नाहीशा व्हाव्यात, हे कोणत्या साहित्यव्यवहारात बसते? पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांनी तरी या प्रश्नावर गप्प बसू नये.

पुढे जे झाले ते बोधप्रद आहे. २०१३ च्या ब्लिझकॉन मेळाव्यात एका प्रेक्षकाने जुन्या खेळाचे सर्व्हर पुन्हा सुरू करणार का, असे विचारले. व्यासपीठावरील जे. ॲलन ब्रॅक यांच्या उत्तराचा आशय असा होता की, तुम्हाला ते हवे आहे असे वाटते, पण खरे तर तुम्हाला ते नको आहे. ग्राहकाला त्याच्या मनातले त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते, या आत्मविश्वासाचा इतका स्वच्छ नमुना विरळा. अखेर फ्रान्समधील काही उत्साही स्वयंसेवकांनी २०१५ मध्ये ‘नोस्टॅलरियस’ हा जुन्या खेळाचा विनामूल्य सर्व्हर स्वतः उभारला. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर तो बंद झाला; त्याच्या बाजूने निघालेल्या विनंतीअर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यानंतर मात्र कंपनीला जाग आली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ‘क्लासिक’ या नावाने जुना खेळ तिने स्वतःच परत आणला, तोही त्याच मासिक शुल्कात. याचे श्रेय आम्ही नाकारत नाही. फक्त एवढेच नोंदवतो की, जपण्याजोगे काय आहे हे आधी खेळाडूंनी ओळखले, कंपनीने त्यांना अटकाव केला आणि मग त्याच वस्तूचे दुकान मांडले.

दुकानाचे आणखी दोन मासले. २०२१ मध्ये ‘क्लासिक’ पुढच्या टप्प्यात गेला. आपले पात्र पुढे न्यावे आणि जुन्या जगातही ठेवावे असे ज्याला वाटे, त्याच्यासाठी कंपनीने पात्राची नक्कल करून देण्याचे शुल्क ३५ डॉलर जाहीर केले. ओरड झाल्यावर ते १५ वर आणले. आपण दोन वर्षे वाढवलेल्या पात्राची प्रत आपल्यालाच विकत! दुसरा मासला ‘टोकन’चा. एप्रिल २०१५ पासून अमेरिकेतील खेळाडू २० डॉलर देऊन एक टोकन घेऊ शकतो आणि खेळातल्या बाजारात ते सुवर्णमुद्रांना विकू शकतो. ते घेणाऱ्याला तीस दिवसांचा खेळ मिळतो. म्हणजे एक जण पैसे देऊन श्रीमंत होतो, दुसरा राबून महिना ‘फुकट’ खेळतो आणि पंधरा डॉलरच्या त्या महिन्याचे वीस डॉलर कंपनीच्या खिशात पडतात. या चोख व्यवस्थेला अर्थशास्त्रात काय म्हणतात ते त्या विभागाने सांगावे. आम्हाला दिसते ते एवढेच, की शुल्क गोठवलेले राहिले तरी घर हळूहळू बाजारपेठ झाले. २०२४ मध्ये विसाव्या वर्षाच्या निमित्ताने लिलावघर आणि टपालपेटी पाठीवर वागवणारे एक वाहन-जनावर ९० डॉलरला विक्रीस आले. सहा महिन्यांचे शुल्क एका जनावराला!

घरमालकाच्या सत्तेची खरी सीमा दिसली ती चीनमध्ये. तेथे हा खेळ २००९ पासून नेटईझ या स्थानिक कंपनीमार्फत चालत असे. दोन कंपन्यांचा करार पुढे वाढला नाही आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्व्हर बंद झाले. खेळाडूंना आपल्या पात्रांची माहिती एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय तेवढी देण्यात आली. घर गेले, किल्ली हातात राहिली. दोन्ही कंपन्यांचे पुन्हा जुळले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये खेळ परतला. शेवट गोड झाला असे म्हणता येईल. पण मधल्या दीड वर्षात ज्या गिल्ड विखुरल्या त्यांना कोणत्या फाइलमधून परत आणणार? आणि त्यांचे मत या सगळ्या व्यवहारात कोणी, कुठे विचारले होते?

आमच्यावर आक्षेप येईल की, खेळाडूंनी हे सारे जाणूनबुजून स्वीकारले आहे; करार मान्य नसेल त्याने खेळू नये. शिवाय सर्व्हर, चित्रकार, प्रोग्रामर यांचा खर्च कंपनीच सोसते. खर्चाचा मुद्दा आम्हाला मान्य आहे आणि त्यासाठी पंधरा डॉलर फार नाहीत हेही मान्य आहे. परंतु ‘पटत नसेल तर सोडा’ हा युक्तिवाद मुंबईच्या चाळीतल्या भाडेकरूला ऐकवून पाहावा. पागडीच्या घराचे भाडेही वर्षानुवर्षे जुजबीच असते. पण त्या भाडेकरूच्या पाठीशी कायदा उभा आहे. त्याला मनात येईल तेव्हा बाहेर काढता येत नाही. का? कारण काही वर्षे एखाद्या जागी राहिलेल्या माणसाचा त्या जागेशी केवळ पैशाचा संबंध उरत नाही, हे समाजाने मान्य केले. शेजार, सण, भांडणे, मुलांची वाढ, हे सगळे भाडेकरूंनी निर्माण केलेले असते आणि चाळ पाडताना त्याचा विचार करावाच लागतो. वीस वर्षांत एका खेळाडूने शुल्कापोटी सुमारे ३६०० डॉलर भरले असतील, पुरवण्या वेगळ्याच. एवढ्या वास्तव्यानंतरही त्याचा दर्जा धर्मशाळेतल्या प्रवाशाचाच असावा काय?

असा विचार आम्हीच करतो आहोत असे नाही. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ हा २०१४ चा खेळ मार्च २०२४ मध्ये बंद केला आणि विकत घेतलेला खेळ ग्राहकांच्या हाती निरुपयोगी झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने युरोपीय संघात केलेल्या नागरी मागणीला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. या लोकांना फुकट काही नको आहे. विकलेली वस्तू मारून टाकू नका, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाला आमचे उत्तर : खेळ आजही स्वस्त आहे, सौदा मात्र वाजवी नाही. ज्याची माणसे तिथे आहेत त्याने महिन्याचे पंधरा डॉलर खुशाल द्यावेत, कारण तेवढ्या पैशांत माणसांचा सहवास दुसरीकडे मिळेलच असे नाही. ज्याची माणसे तेथून निघून गेली आहेत आणि जो केवळ आठवड्याची तिजोरी उघडायला जातो, त्याला हा खेळ फुकटातही महाग आहे. आणि जो राहील त्याने तीन गोष्टी मागाव्यात. आपली संभाषणे आणि आपल्या पात्राचा इतिहास आपल्याला विनासायास उतरवून घेता यावा. जग बदलण्यापूर्वी त्याची जुनी आवृत्ती कोठेतरी चालू ठेवावी. आणि कंपनीला ज्या दिवशी हा खेळ चालवणे परवडणार नाही, त्या दिवशी तो विनानफा चालवू इच्छिणाऱ्यांना न्यायालयाची भीती न दाखवता चालवू द्यावा. या मागण्या मान्य झाल्या, तर त्या पैशाला वर्गणी म्हणायला आमची हरकत राहणार नाही.

मागण्या मान्य होईपर्यंत खेळाडूंनी ‘स्टारलाइट’च्या मंडळींचा कित्ता गिरवावा आणि आपल्या नोंदी आपणच ठेवाव्यात. हे सांगण्याचे काम आमच्या व्यवसायाचे आहे असे आम्ही मानतो. पत्रे, रोजनिश्या, हस्तलिखिते कशी जपावीत हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. पण समोरच्या बाकावरचा विद्यार्थी रोज रात्री जे लिहितो, बोलतो, ज्यांच्यासोबत हसतो-रडतो, ते कोणाच्या सर्व्हरवर आहे आणि उद्या तिथे असेल का, हे आपण त्याला अजून विचारलेलेसुद्धा नाही.